पाच हजार नऊशे वेढे

शनिवारी सकाळी सव्वानऊ वाजता मोटारींत तांब्याची तार भरून देणाऱ्या वाइंडरने दुकानातल्या ओव्हनचं दार उघडलं. वरच्या कप्प्यात पाण्याच्या पंपाच्या दोन मोटारी होत्या, नीट भाजून निघालेल्या. खालच्या कप्प्यात गिटारचा पिकअप होता. तो केळ्यासारखा वाकला होता.

त्याने मीटरच्या दोन पिना पिकअपच्या दोन टोकांना लावल्या. काटा जागचा हलला नाही. आतली तार तुटली होती.

पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसणारी बोटभर लांबीची वस्तू. प्लास्टिकच्या साच्यात सहा लोहचुंबक, आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटार छेडली की या वेढ्यांत क्षीण वीज उमटते आणि तीच पुढे अँप्लिफायरमधून आवाज होऊन बाहेर पडते. या गिटारला पिकअप एकच होता. तो गेला की उरतं ते लाल रंग दिलेलं लाकूड.

गिटार वाइंडरच्या थोरल्या बहिणीची. ती त्रेसष्ट वर्षांची, तो चोपन्न. घरात त्याला अजून बारक्या म्हणतात. वजन ब्याण्णव किलो आहे. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिथल्याच चौघींनी मिळून एक वाद्यवृंद काढला होता, आणि लोकांच्या लग्नांत, निरोप समारंभांत, शाळांच्या गॅदरिंगमध्ये तो नऊ वर्षं वाजला. मग एका संध्याकाळी दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर गिटारचा आवाज गेला. दुरुस्त करणारं जवळपास कोणी नव्हतं. ताईचं वाजवणं कुणी बंद पाडलं, असं काही झालं नाही. गिटार बंद पडली आणि कपाटावर गेली, एवढंच. तिथे ती एकतीस वर्षं राहिली.

गेल्या महिन्यात वाद्यवृंदातल्या ड्रमवालीने कळवलं की ती मुलीकडे परदेशी चालली आहे, कायमची. त्याआधी चौघींनी एकदा एकत्र वाजवायचं ठरलं. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, वाचनालयाच्या हॉलमध्ये, सात गाणी. अडचण ताईच्या हाताची होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिच्या डाव्या हाताचं एक बोट एक्स्चेंजच्या दारात सापडून मोडलं होतं. ते पुन्हा कधी पुरतं वाकलं नाही. एका संगीतशिक्षकाची नवी गिटार तिने दोनदा हातात घेऊन पाहिली, पण तिची दांडी रुंद, बोट पोचेना. तिच्या स्वतःच्या गिटारची दांडी अरुंद आहे. तिच्यावर बोट पोचतं. म्हणजे जुनी गिटार बोलली तर ताई वाजवणार. नाहीतर संगीतशिक्षक वाजवणार आणि ताई समोरच्या खुर्चीत बसून ऐकणार. काय ते रविवारी दुपारी बारापर्यंत ड्रमवालीला सांगायचं होतं.

बारक्याने गिटार याआधी कधी उघडली नव्हती. पण शेवटी तार गुंडाळायचीच आहे ना, मग ते माझंच काम, असं म्हणून त्याने ती दुकानात आणली. तीन आठवडे तो दुपारच्या जेवणानंतर तासभर तिच्यापाशी बसत होता. दांडी धनुष्यासारखी वाकली होती. तिच्या पोटात लोखंडी सळई असते, तिचा नट रोज पाव फेरा फिरवत ती सरळ केली. दांडीवरचे धातूचे आडवे पडदे घासून एका पातळीत आणले. खुंट्यांना तेल दिलं. आवाज कमी-जास्त करण्याचं बटण खरखरत होतं, ते साफ केलं. नव्या तारा आणल्या. शुक्रवारी दुपारी पिकअपची जुनी, तुटलेली तार काढून नवी भरली. सात हजार चारशे वेढे. मीटरने सहा हजार दोनशे ओहम दाखवले. सगळं ठीक होतं.

वाइंडिंग झालं की वार्निश, वार्निश झालं की ओव्हन. तीस वर्षं त्याच्या हाताला हाच क्रम आहे. शुक्रवारी संध्याकाळी त्याने पंपाच्या मोटारी वार्निशमध्ये बुडवल्या, आणि शेजारी ठेवलेला पिकअपही बुडवला. तिघांना ओव्हनमध्ये ठेवलं, एकशे तीस अंशांवर काटा लावला आणि शटर ओढून घरी गेला. मोटारीच्या लोखंडाला ते तापमान लागतंच. जुन्या प्लास्टिकला ते सोसलं नाही.

दुकानाचं काउंटर त्याची बायको सांभाळते. तिने पिकअप हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिला.

"अहो, हे भाजायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मग?"

"हात गेला."

तिने पिकअप काउंटरवर ठेवला. मग म्हणाली, "तरी बरं, अख्खी गिटार आत मावत नाही."

दहा वाजता ताई आली. बारक्याने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ताई गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. तिने विचारलं ते एवढंच, की चुंबकांचं काय झालं. बारक्याने वाकडा पिकअप स्क्रू ड्रायव्हरजवळ नेला. स्क्रू ड्रायव्हर उडी मारून चिकटला.

"मग असा सुतकी चेहरा कशाला?" ताई म्हणाली. "माझी सायकल खोलून बसला होतास, तेव्हाही असाच बसला होतास."

"ती जोडून दिली होती मी."

"दोन नट उरले होते."

"चालत होती ना?"

"चालत होती," ताईने कबूल केलं.

नवा पिकअप विकत आणायला वेळ नव्हता, आणि या मापाचा मिळालाही नसता. जो काय साचा करायचा तो दुकानातल्या सामानातूनच करावा लागणार होता. मोटारीच्या खाचांमध्ये तार लोखंडाला टेकू नये म्हणून फायबरची जी शीट घालतात, तिचे तुकडे रॅकवर पडलेले होते. बारक्याने त्यातल्या सर्वांत जाड तुकड्यावर जुन्या साच्याचा आकार गिरवला. दोन पट्ट्या कापल्या, प्रत्येकीत सहा भोकं पाडली आणि चुंबक एकेक करून दोन्ही पट्ट्यांतून ठोकून बसवले. सहा खांबांची छोटी माडी तयार झाली. चुंबकांभोवती टेपचा एक थर दिला. या कामात साडेअकरा वाजले. हा साचा कितीही तापला तरी वाकला नसता, पण आता त्याला तापवणार कोण होतं?

खरा प्रश्न तारेचा होता. इतकी बारीक तार मोटारीच्या दुकानात नसते. घड्याळवाल्याने एक रीळ दिलं होतं, त्यातलं अर्ध्याहून अधिक शुक्रवारी संपलं होतं. घड्याळवाल्याकडे दुसरं नव्हतं. उरलेल्या रिळात किती वेढे निघतील ते सांगता येत नव्हतं.

शुक्रवारी ही तार सुरुवातीलाच तीनदा तुटली होती. बारक्याची बोटं जाड तारेच्या सवयीची, ओढ जास्त बसते. त्यामुळे या वेळी कामाची वाटणी झाली. तार गुंडाळायच्या हातयंत्राचा दांडा बारक्याने फिरवायचा आणि तार ताईने सोडायची. ताईने चष्मा बदलला आणि अंगठा व पहिलं बोट यांच्यामधून तार जाऊ दिली. दांडा फिरत राहिला, यंत्रावरचा वेढ्यांचा आकडा चढत राहिला. बायकोने गिऱ्हाइकांना बाहेरच्या बाहेर दुपारनंतर यायला सांगितलं. एकाने आत काय चाललंय म्हणून विचारलं, तर ऑपरेशन चाललंय, असं तिने सांगितलं.

एक हजार आठशेव्या वेढ्याला तार तुटली.

बारक्याने दांडा सोडला. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं तर अठराशे वेढ्यांची तार वाया जाणार. सांधा द्यायचा तर वेढ्यांच्या मधोमध सांधा राहणार, आणि असल्या कामावरून तो नेहमी दुसऱ्या वाइंडरांना नावं ठेवत आला होता. ताईने त्याला विचारलं की सांधा टिकतो का. नीट दिला तर टिकतो, तो म्हणाला.

"मग नीट दे."

त्याने काडेपेटीच्या काडीने दोन्ही टोकांवरचं एनॅमलचं आवरण जाळलं, टोकं पिळली, सोल्डरचा ठिपका दिला आणि सांधा कागदाच्या चिंधीत गुंडाळून वेढ्यांवर दाबून बसवला. वीस मिनिटं लागली. मग दांडा पुन्हा फिरू लागला.

दोन वाजून दहा मिनिटांनी रीळ संपलं. आकडा होता पाच हजार नऊशे. मीटरवर चार हजार नऊशे ओहम आले. म्हणजे सांधा धरून होता. बारक्याने आधीच सांगून ठेवलं की वेढे कमी, तेव्हा आवाजही पहिल्याइतका भरदार नसणार.

वेढे आतल्या आत थरथरू नयेत म्हणून काहीतरी भरणं भाग होतं. या वेळी बारक्याने आधी संगीतशिक्षकाला फोन केला. शिक्षकाने वितळलेलं मेण सांगितलं, आणि पासष्ट अंशांच्या वर एक अंशही जाऊ नका, असं दोनदा बजावलं. ते काम बायकोने स्वतःकडे घेतलं. गरम पाण्यात मेणाचं भांडं ठेवून ती थर्मामीटर धरून बसली आणि नवऱ्याला तिने तिकडे फिरकू दिलं नाही. मधल्या वेळात तिने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ओव्हनच्या दाराला लावलं: "आत फक्त मोटारी."

संध्याकाळी सहा वीसला पिकअप गिटारमध्ये बसला. ताईने वरची तार छेडली. अँप्लिफायरमधून आवाज आला. बारीक, थोडा नाकातला, पण स्वच्छ. ताईने खालपर्यंत सहाही तारा वाजवल्या आणि खुंट्या पिळायला सुरुवात केली. बारक्या उगाचच हत्यारं पुसत उभा राहिला.

रविवारी सकाळी ताई आठपासून बसली. पहिली चार गाणी बोटांना आठवत होती. पाचवं अडखळत निघालं. सहाव्यात एक जलद तुकडा आहे. तो दहा वेळा वाजवला, त्यांतल्या चार वेळा जमला. सातव्याला ती पोचली तेव्हा पावणेबारा झाले होते.

दहा मिनिटांनी तिने ड्रमवालीला फोन लावला. कसं वाजतंय, असं पलीकडून विचारलं गेलं असावं.

"गिटारचा आवाज बारीक झालाय," ताई म्हणाली. "माझाही झालाय. येते मी."

ड्रमवालीने संगीतशिक्षकाचं काय करायचं ते विचारलं. ताईने सांधा असलेल्या पिकअपकडे पाहिलं, मग आपल्या बोटाकडे.

"येऊ दे त्याला. गिटार घेऊन येऊ दे. पण म्हणावं, ती गाडीतच ठेव."

साडेचार वाजता बारक्याने हॉलवरून बायकोला फोन केला. आवाज दोनदा तपासून झाला होता, दोन्ही वेळा आला होता. सहावं गाणं घ्यायचं की नाही, यावर चौघींचा वाद चालू होता. शिक्षक पहिल्या रांगेत बसला होता. त्याची गिटार अजून गाडीत होती.