दयेचा चौकोन

वनस्पती मोजणाऱ्या बायकोने निवृत्त नवऱ्याला वाळवंटातल्या संशोधन केंद्रावर आणलं ते एकाच अटीवर: कशालाही हात लावायचा नाही. आयुष्य सरकारी खात्यात गेलेलं असल्यामुळे ही अट त्याला जाचक वाटली नाही.

झुडुपांमधल्या मोकळ्या जागेत तिने दोरीने चौकोन आखले होते.

"यात आहे काय?" त्याने विचारलं.

"बिया. काही थंडीतल्या पावसाची वाट बघतात, काही उन्हाळ्यातल्या. आपली वेळ आल्याशिवाय डोकं वर काढत नाहीत."

"आमच्या खात्यात चांगल्या रुळल्या असत्या."

त्याला इथे करमू लागलं होतं. बायकोची उभी नोकरी रानात गेलेली. दोन्ही वेळा एका टेबलावर जेवायचं सुख आत्ता कुठे वाट्याला आलं होतं. ते त्याला सोडायचं नव्हतं.

पण ओसरीजवळचा एक चौकोन अगदीच केविलवाणा दिसे. एका सकाळी त्याने चहाचा कप विसळून पाणी तिथे ओतलं. मग रोज ओतलं. मग तांब्याभर. ऐन उन्हाळ्यात तिथे हिरवंगार गवत तरारलं, आणि त्याची छाती फुगली. बायको तेव्हा लांबच्या टेकडीवर मोजत होती; ओसरीकडचे चौकोन ती थंडीतच बघायची.

थंडीत पाऊस झाला. चौकोनाचौकोनांत नखाएवढी फुलं उमलली. पिवळी, जांभळी, लव असलेल्या पानांची. याच्या चौकोनात मात्र तेच गवत, खुर्च्या अडवून बसलेल्या पाहुण्यांसारखं.

बायको गुडघ्यांवर बसली.

"इथे पाणी कोणी घातलं?"

"पाऊसच असेल."

"पाऊस चहाची पावडर घेऊन पडतो का हो?"

त्याने मान खाली घातली. "सुकून चाललं होतं गं."

"सुकत नव्हतं, थांबलं होतं! तुम्ही भलत्या वेळी घोटघोट पाजलंत. ते या उतावळ्या गवताने पिऊन टाकलं, सावली धरली, आणि बाकीच्यांना जागाच ठेवली नाही."

तो आत जाऊन बॅग भरू लागला. शर्टांच्या घड्या नीट होईनात. दुपारी ती दारात आली.

"कुठे निघालात?"

"घरी. अट मोडली ना."

"आणि पाणी कोण घालणार?"

त्याने हातातला शर्ट बॅगेवर ठेवला.

"हा चौकोन गेला कामातून," ती म्हणाली. "पण हवामान फिरलं आणि अवेळी थोडा थोडा पाऊस पडायला लागला, तर इथे किती जाती टिकतील, हे कधीपासून बघायचं होतं मला. एका चौकोनावरून काही सिद्ध होत नाही. आणखी काही आखते. रोज, मोजून, पावडरीशिवाय."

"किती दिवस?"

"वर्षं म्हणा."

त्याने शर्ट पुन्हा कपाटात टाकले, घडी न करताच. जेवताना मात्र त्याच्यातला कर्मचारी जागा झाला.

"रविवारी सुट्टी?"

"पावसाला असते का सुट्टी?"

"इथल्या पावसाला? तो तर वर्षवर्ष रजेवर असतो!"

तिने हसू दाबत त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली.