उष्टावणाच्या आदल्या दिवशी

तान्ह्या मुलाला घेऊन हॉटेलात जेवायला जायची हौस घरात ज्याला असते, तो सहसा मुलाचा बाप असतो. केदारही त्याला अपवाद नव्हता. सासरे पहिल्यांदाच परभणीकडून बोईसरला आले होते, त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, तेव्हा सकाळी त्यांना चिंचणीचा किनारा दाखवायचा, तिथंच कुठंतरी झकास जेवायचं आणि गाडी तशीच पालघरवरून माकुणसारला, त्याच्या आईवडिलांच्या घरी न्यायची, असा त्यानं बेत आखला. कारखान्यात हातापाया पडून मिळवलेली सुट्टी, ती कशी सत्कारणी लागायला हवी. बेतात फक्त भाग्येशला धरायचं राहून गेलं. भाग्येश सात महिन्यांचा होता आणि त्याला कुणाचाच बेत पसंत पडत नसे.

खरं तर सगळी यातायात त्याच्याचसाठी होती. दुसऱ्या दिवशी माकुणसारला त्याचं उष्टावण होतं. बाळाला अन्नाचा पहिला घास मामानं भरवायचा, अशी रीत. त्याच्या आईला, मोनालीला, भाऊ नाही, म्हणून मामाचा मान तिच्या वडिलांकडे आला, आणि नागोरावांनी तो असा काही मनावर घेतला की जणू लेकीचं लग्नच पुन्हा ठरलं होतं. डॉक्टरांनी सहा महिने होताच वरणाचं पाणी, मऊ भात सुरू करायला सांगितलं होतं. पण नागोरावांची शेतातली कामं उरकत नव्हती आणि फोनवरची ताकीद संपत नव्हती. "मोने, मी येईपातूर दुधाबिगर काही देऊ नको बरं. दाणासुदा नको."

मोनालीनं दिलं नाही. पोराचं दुधावर भागेना, दर थोड्या वेळानं अंगाशी झोंबायचं, रात्री उठायचं, आणि ती त्याला पाजत बसायची. मोनालीच्या आईचे, राहीबाईचे, गुडघे गेलेले, तिला प्रवास झेपण्यासारखा नव्हता. तिनं घरच्या गाईचं तूप कढवून डब्यात भरून दिलं होतं. घास तुमच्या हातचा, तूप माझ्या हातचं, एवढं तरी होऊ द्या, असं म्हणाली होती म्हणे. तो डबा नागोरावांनी आगगाडीत मांडीवरून खाली ठेवला नव्हता आणि आता चिंचणीच्या हॉटेलातही तो त्यांच्या पिशवीत, पिशवी त्यांच्या मांडीवर.

हॉटेल घरगुतीच होतं. पुढं टेबलं, मागं पडवीत चूल. मालकाची आई सुगंधा तिथं तांदळाच्या भाकऱ्या थापत बसलेली. केदारनं सुरमईचं ताट सांगितलं, मोनालीलाही तेच. नागोराव मासे खात नव्हते, त्यांना वरणभात.

आणि ताटं टेबलावर टेकली न टेकली तोच भाग्येशनं भोंगा काढला.

पहिल्यांदा मोनालीनं त्याला खांद्यावर घेतलं. मग चमचा हातात दिला, तो त्यानं शेजारच्या टेबलाखाली भिरकावला. तिथली बाई चमचा परत देताना हसली, पण ते हसू दारातून हाकलून देणाऱ्याचं होतं. मग मोनाली ओढणी घेऊन कोपऱ्यात तोंड फिरवून बसली आणि त्याला पाजायला लागली. जरा वेळ चोखून त्यानं तोंड काढलं आणि आणखी जोरात सूर लावला. दुधानं आता त्याचं काही होत नव्हतं. उपाशी होता तो, आणि का उपाशी होता हे मोनालीइतकं दुसरं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तू बस, मी घेतो," केदार म्हणाला. बोटं सुरमईच्या रश्श्यात बुडालेली, बोटांमधे माशाचा काटा.

"जेव तू," ती म्हणाली.

नागोरावांनी भराभर वरणभात आटपला आणि हात धुवायला उठले. त्यांना बेसिनचा नळ आवडत नसे, ते बाहेर मागच्या नळावर गेले आणि तिथंच रेंगाळले. मोनाली बाळाला हलवत फेऱ्या मारू लागली. ताटातल्या भाकरीची वाफ गेली, रश्श्यावर तेलाची साय धरली. तिच्या पोटात कावळे ओरडत होते. सकाळपासून चहावर होती आणि चहाही अर्धाच झाला होता.

तेवढ्यात भाकरीच्या पिठानं पांढरे झालेले हात पदराला पुसत सुगंधा आत आली.

"द्या त्याला इकडं," ती म्हणाली. "तुमी जेवा गो बाय. आमी सात पोरं वाढवलीत, हा काय जड नाय."

मोनालीनं केदारकडे पाहिलं. केदारनं मान डोलावली. अनोळखी बाईच्या हातात लेकरू देताना आईचा जीव कसा खालीवर व्हायला हवा! मोनालीचा झाला नाही. तिनं भाग्येशला असं पटकन देऊन टाकलं की तिची तिलाच लाज वाटली. पण लाज वाटेपर्यंत ती खुर्चीवर बसलेली होती आणि पोऱ्यानं गार ताट उचलून नवं गरम ताट पुढं ठेवलं होतं.

मग मोनाली जेवली. कशी जेवली, ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही. दोन्ही हात मोकळे. मांडीवर कुणी नाही. भाकरी मऊ, फुगलेली, मोडली की आतून वाफ. सुरमईचा तुकडा तव्यावरून थेट आलेला. माहेरी घरात मासा शिजत नसे, तो तिला सासरी आल्यावर कळला आणि कळला तो चांगलाच कळला. तिनं सोलकढी वाटी उचलून प्यायली. केदार काहीतरी बोलत होता, ती हूं हूं करत होती. आणि मधे किती वेळ तरी, तिला एक मूल आहे, हेच तिच्या लक्षात नव्हतं.

आठवलं तेव्हा धस्स झालं. रडणं थांबलं होतं. कधी थांबलं?

"बघून येते," म्हणत ती उठली. हात तसाच खरकटा.

पडवीच्या दारात ती थांबली. सुगंधा पाटावर बसलेली, भाग्येश तिच्या मांडीवर. बाजूला वाटीत वरण घालून कालवलेला मऊ भात. सुगंधा अंगठ्यानं तो आणखी चुरत होती आणि बोटाच्या टोकावर घेऊन त्याच्या जिभेवर ठेवत होती. भाग्येश मिटक्या मारत होता. एक घास गिळला की दोन्ही हातांनी तिचं मनगट धरून तोंडाशी ओढत होता. पिलाला चोचीत दाणा मिळाल्यासारखं त्याचं सगळं अंग त्या बोटामागं धावत होतं.

अहो, थांबा! एवढे दोन शब्द होते. उद्या उष्टावण आहे त्याचं, माझे वडील एवढ्या लांबून आलेत, आईनं तूप दिलंय. मोनालीला सगळं आठवत होतं. नंतर तिनं स्वतःची समजूत घालायचा खूप प्रयत्न केला की त्या क्षणी सुचलंच नाही. खोटं आहे ते. सगळं सुचलं होतं. पण हेही सुचलं होतं की आता ओरडलं तर घास काढून घ्यावा लागेल, मग पोरगं परत टाहो फोडेल, परत त्याला खांद्यावर घ्यावं लागेल, आणि टेबलावर नुकताच भात आलाय.

ती परत फिरली आणि भात जेवायला बसली. दोनदा घेतला.

"झोपला का?" केदारनं विचारलं.

"शांत आहे," ती म्हणाली. खोटं नव्हतं म्हणावं तर.

निघताना सुगंधा बाळाला घेऊन पुढं आली. त्याच्या हनुवटीवर एक शीत चिकटलं होतं. "भुकेजलेला गो बाय तो, म्हणून मी त्याला जरासा..." एवढं ती बोलली असेल, तोवर मोनालीनं बाळ हिसकावल्यासारखं घेतलं, ओढणीनं हनुवटी पुसली आणि "चला, चला, उशीर होतोय," म्हणत पायऱ्या उतरली. आभाराचा एक शब्दही नाही. ज्या बाईनं तिला जेवू घातलं, लेकरालाही जेवू घातलं, तिच्यापासून ती चोरासारखी तोंड चुकवून निघाली.

गाडीत भाग्येश पोट भरल्यावर झोपतात तसा झोपला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"लय शाणं लेकरू," नागोराव मागून म्हणाले. मांडीवर पिशवी होतीच. ती पाहून मोनालीला जास्तच टोचत होतं. पालघरला चहाला थांबले तेव्हा तिनं ठरवलं, आता सांगायचं. "आप्पा," ती म्हणाली. "काय माय?" त्यांनी विचारलं. "साखर कमी सांगू का?" ती म्हणाली. त्यांनी होकार दिला आणि विषय संपला.

माकुणसारला तर घर लग्नघरासारखं गजबजलेलं. मोनालीच्या सासऱ्यांनी, धर्माजींनी, वाडीतल्या केळीचे घड ओटीवर टांगले होते. सासू मंगलानं चांदीची वाटी चिंचेनं घासून लख्ख केली होती. रात्री सगळे निजले, पण मोनालीला झोप लागली नाही. पोट भरलेलं होतं, तेच खुपत होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काय उगीच.

सकाळी पाट मांडला, रांगोळी काढली. नागोराव धुतलेलं धोतर नेसून बसले, भाग्येशला मांडीवर घेतलं. मंगलानं तांदळाची खीर वाटीत ओतली, नागोरावांनी स्वतःच्या हातानं डबा उघडून वर राहीबाईचं तूप सोडलं. आळीतल्या बायका वाकून वाकून बघू लागल्या. पहिल्या घासाला मुलं तोंड वाकडं करतात, थुंकतात, सगळे त्याच गमतीची वाट बघत होते.

नागोरावांनी चमचा ओठांशी नेला मात्र, भाग्येशनं आ वासला, चमचा गपकन तोंडात धरला आणि दोन्ही हातांनी आजोबांचं मनगट जवळ ओढलं.

"अगो बाय!" मंगला हसत ओरडली. "हा तर शिकूनच आलाय! याला कोणी अगोदर भरवलंय का काय?"

सगळे हसले. मोनालीच्या कानशिलाला आग लागली. चोराच्या मनात चांदणं, तिला वाटलं सगळ्या आळीची नजर आपल्याकडेच आहे. कोणाचीच नव्हती. नागोराव खाली मान घालून दुसरा चमचा भरत होते. तो भरताना त्यांच्या तोंडावर आनंद होता, आणि तो आनंद पाहवेना म्हणून ती आत पळाली.

मग पंगती बसल्या. मोनाली वाढत राहिली. कुणी बस म्हटलं की "मी नंतर" म्हणायची, तिला आज कुणासमोर घास उचलायचं धाडस होत नव्हतं. मागच्या अंगणात नागोराव एकटेच बाजेवर बसलेत असं दिसलं, तेव्हा ती त्यांच्यासाठी खिरीची वाटी घेऊन निघाली. या खेपेला साखरेबिखरेवर जायचं नाही, सरळ सांगून टाकायचं. पायांवर डोकं ठेवायचं आणि सांगायचं, की आप्पा, तुमचा मान मी एका ताटापायी घालवला.

नागोराव फोनवर बोलत होते. त्यांना कमी ऐकू येई म्हणून स्पीकर चालू, आणि स्वतःचा आवाज तर शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा.

"राहे, एक सांगतो, पण बोंबलू नको. पैला घास माझ्या हातचा नाही झाला."

मोनाली जिथल्या तिथं थिजली.

"मंग कुणाच्या?" राहीबाईचा आवाज.

"काल हाटेलात एका म्हातारीनं भरवला. मी मागं नळावर हात धुवायलो व्हतो. समदं दिसायलं व्हतं."

"अन् मोनी?"

"आली ना दारात. बघितलं तिनं. अन् तशीच माघारी जाऊन जेवाय बसली."

वाटीतली खीर मोनालीच्या बोटावर सांडली. धरणीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात, ते तिला आज कळलं.

"तुम्ही हाक नाही मारली व्हय?" राहीबाईनं विचारलं. "तुम्ही तर येवढे नाचायला व्हतात घासासाठी!"

"मारायलोच व्हतो. तोंडापातूर आली व्हती." नागोरावांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "पण खिडकीतून ती दिसायली. काय सांगू राहे, पोरगी कशी जेवायली व्हती! मान वर नाही. मासा खायली व्हती, तरी मी बघतच राहिलो. हाडं निघालीत तिची, तुला फोनमधून काय दिसतंय. म्हणलं, जेवू दे. लेकरू काय, कुणाच्या बी हातानं खातं. हिला कोण भरवायलंय इथं?"

पलीकडे राहीबाई नाक ओढत म्हणाली, "रोज पुसते मी तिला. रोज जेवले म्हणती. आईला काय आवाजावरून कळत नसतं?"

रोज. मोनालीला वाटत होतं निदान ते खोटं तरी खपलंय.

वाटीचा आवाज झाला असावा. नागोरावांनी वळून पाहिलं. लेक कितीसं ऐकून उभी आहे, हे तिच्या तोंडावरून त्यांना कळलं आणि तेच ओशाळले. त्यांनी फोन पुढं केला. "घे. आईशी बोल."

"मोने," राहीबाई म्हणाली, "जेवलीस का माय?"

जिभेवर शब्द तयारच होता, इतक्या महिन्यांच्या सवयीचा. मोनालीनं तो गिळला. डोळ्यांतलं पाणी खिरीत पडत होतं, आणि बाजेवर आप्पा तिच्याकडे न बघता ऐकत होते.

"नाही गं आई," ती म्हणाली. "अजून नाही."