ओव्हनमधले बेदाणे

प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि आंबूस-गोडसर वासाचा भपकारा विमल गांगुर्डेच्या नाकात घुसला. अमोनियाचा वास तिच्या अंगवळणी पडलेला होता, पण हे काही तरी भलतंच. ओव्हनची काच चिकट पिवळी झाली होती आणि आत सगळे कप्पे भरून द्राक्षं सुकत होती.

विभागप्रमुख देवरे सरांची पिंपळगावला बाग होती. बाजारात कुणी विचारत नाही त्या मालाचे बेदाणे करायला सरांना कॉलेजचा ओव्हन सापडला होता. वीज कॉलेजची, शिपाई कॉलेजचा, बेदाणे तेवढे घरचे.

"सहादू, माझी पुडीची बशी कुठाय?"

शिपाई सहादूने मान खाली घातली. "सरांनी काल ओव्हन रिकामा करायला सांगितला मॅडम. लय घाई होती, काढताना जराशी सांडली. बाकीची भट्टीत ठेवली. सर म्हनले, तिथं लवकर वाळंल."

विमल भट्टीकडे धावली. लोह आणि कोबाल्टचे क्षार गरम पाण्यात विरघळवून, वरून थेंब थेंब अल्कली सोडून तिने तळाशी बसणारा तो काळा साका मिळवला होता. आठवडाभर तो धूत बसली होती. त्याची पूड इतकी बारीक की लोहचुंबक जवळ आणला की धावत यायची आणि चुंबक नेला की जणू काही घडलंच नाही, अशी सुटी पडायची. दुसरी पूड जुन्या रीतीची, ऑक्साइडं खलात घोटून भट्टीत भाजलेली. तिचे कण भरड, आणि एकदा चुंबकत्व चढलं की ते उतरायचं नाही. दोन्हींत लोह तेच, कोबाल्ट तोच, पण करणी वेगळी म्हणून गुण वेगळा. या फरकावरच तिचा एम.फिल.चा प्रबंध उभा होता. दुपारी पुण्याहून परीक्षक येणार होते, आणि दोन्ही पुडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करणार नाही असं त्यांनी आधीच कळवलं होतं.

तिने भट्टीतली बशी काढून चुंबक फिरवला. चुंबक बाजूला घेतला तरी गुठळ्या एकमेकींना धरूनच राहिल्या. म्हणजे दोन्ही बशांत आता एकच गुण होता.

देवरे सर बेदाणे चघळतच आले. "अहो, उलट चांगलंच झालं की! कसा दणकट चुंबक झालाय. हीच पूड दाखवा. माल तोच ना? कसा बनवला, हे कोण विचारतंय?"

विमलला त्यांची शिसारी आली. कोण विचारतंय म्हणे! तीन वर्षं हा माणूस तिला दुसरं विचारत तरी काय होता? कुठल्या वस्तीतल्या, वडील काय करायचे, जागा कशी मिळाली. सगळ्यांचे कप कपाटात आणि तिचा कान तुटलेला कप खिडकीत, "तुमच्याच सोयीसाठी" म्हणून. नाकाने कांदे सोलणारा हा माणूस तिला आता खोटी बशी पुढे करायला सांगत होता. आणि तरी तिने मान डोलावली. पदवी हवी होती.

दुपारी परीक्षक आले. त्यांनी प्रबंध चाळला, नेमके प्रश्न विचारले, मग म्हणाले, "आता बघू तुमची बारीक पूड."

तेवढ्यात सरांनी बेदाण्यांची ताटली पुढे सरकवली. "आधी हे घ्या, घरचे आहेत." स्वतःही मूठभर तोंडात टाकले.

ताटलीत ओव्हनमधलाच कागद होता. विमलची नजर त्यावर पडली आणि तिथेच खिळली. बेदाण्यांच्या मधून काळा धुरळा पसरला होता.

"सर, खाऊ नका!" ती परीक्षकांना म्हणाली. त्यांचा हात थांबला. तिने बेदाणे टेबलावर ओतले, कागद उचलला, खालून चुंबक धरला. धुरळा सरसरत त्यामागे धावला. चुंबक काढून तिने कागदाला टिचकी मारली, तशी पूड सुटी होऊन पसरली.

"ही माझी पूड. काल ओव्हनमध्ये सांडलेली. बशीत आहे ती भट्टीत भाजली गेली, ती दाखवली असती तर मी खोटं बोलले असते." तिने गुठळ्यांवरही चुंबक फिरवून दाखवला.

परीक्षक खुर्ची ओढून कागदावर वाकले. पुन्हा पुन्हा स्वतः चुंबक फिरवून पाहिला. मग पेनाचं टोपण काढलं आणि प्रबंध पुढे ओढला.

देवरे सरांचं तोंड भरलेलं होतं. आतल्या आत जीभ फिरवून ते काही तरी चाचपत होते, आणि पाणी मागायलाही तोंड उघडवत नव्हतं. विमलने खिडकीतला कान तुटलेला कप घेतला, पाण्याने भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला.