पंपातले खडे

पंप सुरू झाला की कुणीतरी आत मुठीमुठीनं खडी टाकतंय असा आवाज यायचा. तिसऱ्या मजल्यावर शुभदाच्या स्वयंपाकघरापर्यंत तो स्पष्ट पोचायचा. खडखड, कडकड, मध्येच एखादा मोठा दगड अडकून फुटल्यासारखा ठोका. कुकरच्या शिट्टीतही तो बुडत नसे.

महादेवपुऱ्यातल्या त्या सोसायटीचं पाणी टँकरनं यायचं आणि जमिनीखालच्या टाकीत, संपमध्ये, पडायचं. तिथून एकच पंप ते गच्चीवरच्या टाक्यांत चढवायचा. उन्हाळा लागल्यापासून या पंपाचे दोन इंपेलर वाया गेले होते. इंपेलर म्हणजे पाणी फेकणारं पितळी पात्यांचं चाक. दोन्ही वेळा शुभदा ऑफिसात होती. ती परतेपर्यंत चाक भंगारात गेलेलं असायचं. आता तिसरंही खडखडू लागलं होतं.

“उंदरानं कुरतडल्यासारखी पाती झाली होती,” सोसायटीचे अध्यक्ष सूर्यकांत वानखडे सांगत होते. ते मूळचे नागपूरचे. “गिट्टी टाकते कोणीतरी आत. पाण्यात आपोआप गिट्टी येते का? अन् दर वेळी दुरुस्ती कोण करते? नागराज. नागराज कोण? बसवंताचा साळा. आता तुम्हीच जोडा ना, मॅडम.”

शुभदानं जोडलं. बसवंत पंप चालवायचा आणि पंपघराला लागून असलेल्या खोलीत बायकोबरोबर, यल्लव्वाबरोबर, राहायचा. निपाणीकडचा माणूस, कमी बोलणारा. त्याचं कमी बोलणं शुभदाला पूर्वी आवडायचं. आता तेच खुपायला लागलं होतं.

सोसायटीच्या कमिटीत पाण्याचं काम तिच्याकडे होतं, कारण तिची नोकरीच पाण्याची होती. पंपाच्या पोटातून पाणी कसं वाहतं याची गणितं ती कॉम्प्युटरवर मांडायची. पहिलं चाक गेलं तेव्हा तिनंच उपाय सुचवला होता: पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी, तीही दुहेरी. संपच्या झाकणाला कुलूप, किल्ली तिच्याकडे.

“आता संपमधून खडा येऊच शकत नाही,” ती तेव्हा म्हणाली होती. “आणि तरीही आला, तर...”

“तर तो आतल्याच माणसाचा,” वानखड्यांनी वाक्य पुरं केलं होतं.

जाळी बसली, आणि आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

खडा आत जायला उरली एकच वाट. पंप सुरू करण्याआधी त्याच्या पोटात वरच्या नळकांड्यातून पाणी भरावं लागे, नाहीतर तो नुसताच फिरायचा. हे काम रोज सकाळी बसवंत एकटा करायचा, प्लास्टिकच्या मगानं. त्याला ठेवायचं की काढायचं, याचा निर्णय आज संध्याकाळच्या मीटिंगमध्ये होणार होता. नोकरी गेली की खोलीही जाणार होती. शुभदा जे सांगेल त्यावर सगळं होतं, म्हणून ती सकाळीच पंपघरात जाऊन उभी राहिली.

“काय बघायला लागलाय, अक्का?” बसवंतानं विचारलं.

“जरा थांबा. ओतायच्या आधी मला दाखवा.”

त्यानं मग पुढे केला. तिनं ओढणीचं टोक नळकांड्यावर धरलं आणि पाणी त्यातून गाळायला लावलं. एकेक मग. ओढणी भिजली, तिच्यावर वाळूचा कणही आला नाही.

खोलीच्या दारातून यल्लव्वा बघत होती. “गाळा, गाळा, अक्का. चहा करतोय, तो पण गाळून बघता काय? त्यात काय घातलं असंल काय नेम?”

“यल्लव्वा, गप,” बसवंत म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

पंप घरघरला, त्यानं पाणी धरलं आणि तो खडखडू लागला. तीच खडी. शुभदानं बसवंताच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. इतका निवांत माणूस, आणि आवाज ऐकून त्याच्या भुवईलाही हिसका नाही! ज्याला आश्चर्य वाटत नाही, त्याला कारण ठाऊक असतं. कदाचित खडे आधीच आत असतील, कालपासून, परवापासून.

तिनं पंप बंद करायला लावला आणि नागराजला न कळवता बाहेरून मेकॅनिक बोलावला. हयवदन नावाचा हा माणूस बसवंताला ओळखत नव्हता, याची तिनं दोनदा खात्री करून घेतली. बसवंत बाहेर उकिडवा बसून राहिला. पंपाचं झाकण निघालं तेव्हा शुभदा हयवदनच्या इतकी जवळ वाकली होती की त्याला कोपर हलवता येईना.

त्यानं आत हात घालून चहूकडे फिरवला. “इल्ला, मॅडम. एक पण खडा नाही. स्वल्प कचरासुद्धा नाही.”

“नीट बघा.”

“तुम्हीच बघा ना.”

तिनं चाक हातात घेतलं, खिडकीजवळ नेलं आणि प्रथमच नीट पाहिलं. खडा घुसला असता तर पात्यांच्या बाहेरच्या कडा ठेचल्या असत्या, पितळेवर लांब ओरखडे उठले असते. कडा शाबूत होत्या. खराबी होती ती मध्याजवळ, जिथं पाणी आत शिरतं तिथं, आणि प्रत्येक पात्याच्या पाठीला, त्याच जागी. ओरखडा नाही. इडलीच्या पोटासारखी बारीक भोकं.

ती जागा तिच्या ओळखीची होती. ऑफिसात तिच्या पडद्यावर तीच जागा निळी व्हायची. पंपाला हवं तेवढं पाणी मिळालं नाही की तिथला दाब इतका उतरतो की थंड पाणीच उकळतं. त्याचे बुडबुडे होतात आणि पुढे दाब वाढला की फटाफट मिटतात. एकेक मिटणारा बुडबुडा धातूवर सुईसारखा बसतो. तिनं हे किती वर्षं रंगवलं होतं. पण पडद्याला आवाज नव्हता. आवाज तिनं इथंच पहिल्यांदा ऐकला होता, आणि ऐकल्याबरोबर त्यामागे चोर शोधला होता.

मग पंपाला पाणी का मिळत नव्हतं? उन्हाळ्यात संपची पातळी खाली गेलेली, हे एक. पहिलं चाक त्यानं खाल्लं असणार. दुसरं कारण तिला संपचं झाकण उघडण्याआधीच कळलं. तिनं कुलूप काढलं आणि पाइप वर ओढायला लावला. दुहेरी जाळीवर शेवाळ आणि टँकरच्या पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर होता. बोटानं खरवडला तरी निघेना. पंप इतके दिवस त्यातून पाणी चोखत होता. जाळी तिनं तशीच पुन्हा खाली सोडली. संध्याकाळी ती सगळ्यांना दिसायला हवी होती.

“बुडबुडे?” मीटिंगमध्ये वानखडे हसले. “बुडबुडे पितळ खातात? मॅडम, मग सोडा पिणाऱ्याच्या तोंडात दात नसते राहिले.”

“चला खाली,” शुभदा म्हणाली.

पंप जोडून तयार होता. बसवंतानं बटण दाबलं, खडी वाजू लागली. शुभदानं वर जाणाऱ्या पाइपवरचा व्हॉल्व्ह वानखड्यांना दाखवला. “हे चाक तुम्ही फिरवा. हळूहळू बंद करा.”

ते फिरवत गेले. वर जाणारं पाणी कमी झालं, पंपाची ओढ कमी झाली आणि खडखड विरत विरत थांबली. नुसती मोटर गुणगुणत राहिली.

“आता उघडा.”

खडी परत आली. वानखड्यांनी पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं. त्यांना ते थांबवेना.

“खडे असतील, तर तुम्ही व्हॉल्व्ह फिरवल्यावर कुठं जातात?” शुभदानं विचारलं. मग तिनं पंप थांबवून जाळी वर काढली, कापून टाकली आणि पंपात पाणी भरून तो पुन्हा लावला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवूनही आवाज निम्मा झाला होता.

“जाळी बसवली कुणी?” खजिनदार विमलाताईंनी विचारलं.

“मी.”

“ते ठीक आहे,” वानखडे पुटपुटले, “पण दर वेळी साळ्यालाच का बोलवायचं?”

“तुम्हीच सांगायचात ना, नागराजला बोलव, तो त्याच दिवशी येतो?” विमलाताई म्हणाल्या. “माझ्यासमोर सांगितलंय.”

वानखड्यांनी घसा साफ केला. “बरं, बसवंत. झालं गेलं विसर. तू राहतोस इथंच.”

“सरी, सर,” बसवंतानं मान हलवली. “पर मारतहळ्ळीला एका जागी कामाला व्हय म्हणून आलोय.”

“कधी?” शुभदानं विचारलं.

“दुपारी. तुमी पंप खोलून बसला व्हता तवा.”

“पण आता सगळं सिद्ध झालंय, बसवंत. तुमच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. मी सांगते ना.”

“तुमी सांगताय ते खरं हाय, अक्का.” त्याच्या आवाजात राग शोधूनही सापडेना. “तितं बोअरचा पंप हाय. लई खाली, जमिनीत. कसला बी आवाज झाला तर वर कुणाला ऐकू येत न्हाई.”

तो पुढे आला. वानखड्यांचा हात अजून व्हॉल्व्हवर होता. तो काढून घेण्याची वाट बघत बसवंत थांबला. मग त्यानं चाक थोडं थोडं आवळलं, कान पंपाकडे लावून, उरलेली खडखड जाईपर्यंत.

“एवढंच ठेवायचं न्हवं, अक्का?” त्यानं विचारलं. “नव्या माणसाला दाखवून जातो.”