मागे कुणी उभं नसताना

बाबा गेल्याच्या अठराव्या दिवशी ऋजुताने त्यांचा पिकअप मानपाड्याला रवींद्र मिस्त्रीच्या गॅरेजवर आणला. सकाळची रजा टाकून ती घोडबंदर रोडवरच्या घरून खडवलीला गेली होती. बाबांच्या रोपवाटिकेला कुलूप होतं आणि कुंड्यांतली माती भेगाळली होती. तिने पाणी घातलं नाही. किल्ली घेतली आणि निघाली.

"काय होतंय गाडीला?" रवींद्रने विचारलं.

"काही होत नाहीये. ब्रेक लाइट लागतात का, ते बघायचंय."

महिन्यापूर्वी बाबा मातीच्या गोणी भरून ठाण्याला निघाले होते. वाटेत त्यांनी ब्रेक मारला आणि मागून येणारा प्रीतम नावाचा मुलगा बाइकसकट पिकअपवर आदळला. त्याचा पाय मोडला. तो म्हणाला, दिवे लागलेच नाहीत. बाबा म्हणाले, लागत होते, मी रोज सकाळी बघतो. तेव्हा फोनवर ऋजुता म्हणाली होती, "बाबा, ब्रेकवर पाय तुमचा. मग मागचं बघायला डोळे कुठून येणार?" त्यानंतर अकराव्या दिवशी झोपेतच त्यांचं हृदय थांबलं.

एवढं सगळं तिने मिस्त्रीला सांगितलं नाही. मागून एक पोरगा आदळला, दिवे लागले नाहीत म्हणतो, बाबा असेपर्यंत लागत होते म्हणायचे, एवढंच सांगितलं.

"बसा आत. ब्रेक दाबा," म्हणत रवींद्र मागे गेला. "लागतोय! दोन्ही मस्त लागतायत."

त्याने तरीही फ्यूज पाहिला, मागचे बल्ब काढून पुन्हा बसवले, पेडलखालचा स्विच तपासला. तो सांगेल तेव्हा ऋजुता पाय दाबत होती, सांगेल तेव्हा उचलत होती. स्विचसाठी खाली वाकलेला रवींद्र सीटखालून एक बांबूचा तुकडा घेऊन उठला. हातभर लांब. एका टोकाला जुन्या स्लिपरचा रबर खिळ्यांनी ठोकलेला.

"ही काय भानगड?"

"कुत्र्यांसाठी असेल. नर्सरीत येतात."

"कुत्र्याला मारायला कोण चप्पल ठोकतं काठीला?" रवींद्रने काठी उलटीपालटी केली. मग ऋजुताला खाली उतरवून त्याने रबराचं टोक ब्रेकच्या पेडलवर टेकवलं आणि दुसरं टोक सीटच्या कडेखाली दाबलं. काठी चपखल बसली. पेडल खाली गेलं ते खालीच राहिलं. "आता जा मागे."

ती मागे गेली. दोन्ही दिवे लाल.

"मापून कापलीय," रवींद्र म्हणाला. "एकटा माणूस, मागे उभं राहायला कोण नाही. काठी लावायची आणि आरामात चक्कर मारायची. डोकं होतं हां काकांना! ताई, काका खरं बोलत होते. लाइटला काय झालेलं नाय. त्या पोराचं लक्ष मोबाइलमध्ये असणार."

तिला हवं होतं ते एवढंच. पर्समध्ये हात घालून 'किती झाले' विचारायचं आणि निघायचं. ती दिव्यांकडे बघत राहिली. रंग लाल होता, बाकी काही नाही.

"त्या दिवशी गाडी भरलेली होती," ती म्हणाली. "सकाळी बघितली तेव्हा रिकामी असणार. भरायचे नंतर."

रवींद्रने डोकं खाजवलं. मग शेजारच्या पत्र्याच्या कारखान्याकडे तोंड करून ओरडला, "ए चला रे, सगळे या! गाडीच्या मागच्या हौद्यात बसायचंय!"

आठ-नऊ जण हात पुसत आले. कोपऱ्यावरची चहावाली लक्ष्मीही काय चाललंय ते बघायला आली.

"लक्ष्मीताई, तुम्ही एकट्या चढलात तरी काम होईल," एक जण म्हणाला.

"मेल्या, तुझी उधारी चढव आधी. तीच जास्त भरेल." पण ती पदर खोचून चढली.

आधी जुने गिअरबॉक्स आणि लोखंडाचे तुकडे चढवले. मग माणसं. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कुरकुरले, हौदा खाली बसत गेला. काठी ब्रेकवर तशीच होती. ऋजुता मागे उभी होती.

"लागतोय का?" रवींद्र विचारत होता.

"हो."

"आता?"

"हो."

सातवा माणूस चढला. दोन्ही दिवे एकदमच गेले.

"आता?"

"गेले," ती म्हणाली.

रवींद्र गाडीखाली सरपटत गेला. पाट्याजवळून जाणारी वायर त्याने बोटांनी चाचपली. वरचं रबर शाबूत होतं, आतली तार तुटलेली. गाडी रिकामी असली की तुटकी टोकं टेकायची. वजन पडलं की वायर ताणली जायची आणि टोकं सुटायची.

"हे कुणाला दिसलं नसतं, ताई," तो खालूनच म्हणाला. "काकांचा दोष नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली.

त्याने तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडली, थोडी सैल सोडली. वरची मंडळी तशीच बसून राहिली. लक्ष्मीने वरूनच हाक मारून चहा मागवला आणि पैसे कोण देणार यावर त्यांचं भांडण जुंपलं. दिवे लागले. भरलेल्या गाडीला लागले.

ऋजुताने फोन काढला. प्रीतमचा नंबर बाबांनी पाठवलेला होता, तिने कधी लावला नव्हता.

"मी आनंद काकांची मुलगी. तुझं बरोबर होतं. दिवे लागले नव्हते. गाडीत वजन असलं की वायर सुटायची. कुणी विचारलं तर मी सांगेन तसं."

पलीकडून प्रीतम म्हणाला, "काका येऊन गेलेले दवाखान्यात. पेरू घेऊन. म्हणत होते, मी रोज बघतो रे. मला वाटलं, म्हातारा थापा मारतोय."

"नाही. रोज बघायचे. गाडी रिकामी असायची तेव्हा."

"एकट्याला कसं दिसणार पण? मागे कोण उभं राहायचं?"

हौद्यातून माणसं एकेक करून उतरत होती. प्रत्येकागणिक गाडी थोडी वर येत होती.

"कुणी नाही," ऋजुता म्हणाली. "काठी लावायचे."