बारा वह्यांची गल्ली

ताई चित्र काढते आणि मी ते कापते. ऐकणाऱ्याला वाटतं बहिणींचं जुनं वैर असावं, पण आमचा धंदाच तसा आहे. एका मोठ्या कागदावर ती एकच चित्र रंगवते. मी त्याचे बारा तुकडे करते, पुठ्ठ्यांवर चिकटवते, आत जाड कोरी पानं शिवते. चित्रवह्या बाराच, तेरावी मागूनही मिळत नाही.

या खेपेला तिने आमचीच गल्ली काढली. बाराव्या वहीवर आमची खिडकी, खिडकीशी पलंगावर आई. शेजारच्या अकराव्या वहीवर शिवणवाल्या मावशी, मशीनवर वाकलेल्या. अकरा वह्या टपालाने गेल्या. बारावी गिऱ्हाईक स्वतः येऊन नेणार होतं.

मंगळवारी मावशींच्या दुकानाच्या जागी कोरी भिंत दिसली. मी ताईला हाताला धरून तिथे नेलं.

"कुठल्या मावशी? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

जिने त्यांच्या चष्म्याची दोरीसुद्धा रंगवली होती, ती हे म्हणत होती! मग वही पोचेल तसतसं एकेक दार नाहीसं झालं. घड्याळवाला गेला, दवाखाना गेला. आठवत होतं ते फक्त मला आणि अंथरुणाला खिळलेल्या आईला.

मी जाम घाबरले. बारावी वही कपाटात घालून कुलूप लावलं.

"गिऱ्हाइकाला शब्द दिलाय," ताई ओरडली.

"खड्ड्यात गेला तुझा शब्द!"

शुक्रवारी अकराव्या वहीच्या मालकिणीने कौतुकाने वहीचा फोटो पाठवला. त्यात मावशी मशीनवर नव्हत्या. दाराशी उभ्या राहून, चष्मा कपाळावर सारून त्या उजवीकडे बघत होत्या. तिथे कागद संपत होता. पुढचा तुकडा आमच्या खिडकीचा होता.

आईने मोबाइल मागितला. बराच वेळ बघत राहिली.

"वाट बघतेय माझी."

"काहीतरीच काय, आई!"

"तीस वर्षं रोज दुपारी तिच्याशी गप्पा मारल्या. आता काय भिंतीशी बोलू? देऊन टाक ती वही."

"आणि मी काय करू?"

"तू कधी कुणाचं ऐकलं नाहीस. एवढं ऐक."

मी चिडले, रडले, तिच्याशी अबोला धरला. मला आई हवी होती, बस्स. पण तिने कधी नव्हे ते माझ्यापुढे हात जोडले, आणि ते मला बघवेना.

शनिवारी तिने केस विंचरून घेतले. दुपारी गिऱ्हाईक आलं. वही मीच गुंडाळली, मीच हातात दिली.

रविवारी सकाळी ताई आईच्या खोलीत आपलं रंगांचं टेबल ढकलत होती. पलंग नव्हता, खिडकीच्या जागी कोरी भिंत होती.

"इतकी वर्षं ही खोली उगाच रिकामी ठेवली आपण," ती म्हणाली. "धर गं एक बाजू."

मी एक बाजू धरली.