अंडी तर विकायची असतात!

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. पेरूमधल्या आयाकुचोच्या डोंगरात, एका गावातल्या शाळेच्या पडवीत मी तुळईला लोंबकळतो. वर गोल तबकडी, खाली लोखंडी आकडा, एवढाच माझा संसार. कारखान्यातून निघालो तेव्हा लालभडक होतो. आता अंगावर गंज तेवढा उरला आहे.

कामं दोन. बाजाराच्या दिवशी मेलितोन व्यापारी ट्रक घेऊन येतो आणि किन्वा या आमच्याकडच्या धान्याची पोती, अंड्यांच्या टोपल्या मला लटकवतो. आमच्याकडे अंडीसुद्धा किलोवर जातात. अधूनमधून दवाखान्यातली नर्स येते, त्याच आकड्याला झोळी बांधते आणि गावातली लहान मुलं तोलते. "म्हातारा खोटं बोलत नाही!" असं म्हणून मेलितोन माझी पाठ थोपटायचा आणि मी फुगायचो. पोती दरवर्षी जड होत होती, झोळ्या हलक्या. दोन्ही वजनं माझ्याच तबकडीवर दिसत. पण त्यांचं एकमेकांशी काही नातं असेल, असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग शाळेत एदेल्मिरा बाई आल्या. त्या काही सांगायच्याच नाहीत, नुसतं विचारायच्या. "पगार बाईंनी घ्यायचा आणि उत्तरं आमच्या पोरांनी द्यायची!" असं गावभर बोलणाऱ्यांत हर्मेलिंदा सगळ्यांत पुढे. तिची थोरली सायवा बाईंच्या वर्गात. धाकटा विल्बर दोन वर्षांचा, ओठ पांढरे, झोळीतच झोपी जायचा. "पुढच्या खेपेला वजन वाढलं नाही, तर शहरातल्या इस्पितळात ठेवावं लागेल," असं नर्स बजावून गेली होती.

एके दिवशी मुलं घरून एकेक जिन्नस घेऊन माझ्याखाली गोल करून बसली. बाई म्हणाल्या, "यातलं जेवण कोणतं, ते तुम्हीच ठरवा. भांडा हवं तर, पण सगळ्यांनी मिळून ठरवा."

मुलांनी खडूने दोन रिंगणं काढली. एकात नूडल्सची पाकिटं, बिस्किटं, साखर. दुसऱ्यात अंडी आणि किन्वा.

"ही अंडी तिकडे का?" बाईंनी विचारलं.

"बाई, ते जेवण नाही," सायवा म्हणाली. "अंडी तर विकायची असतात!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मित्रांनो, माझ्या आकड्याला काहीही नव्हतं, तरी माझी सुई थरथरली. बाईंचा चेहरा उतरला. पण त्या रागावल्या नाहीत.

"विकत घेणारे त्यांचं काय करतात?"

"राजधानीला, लिमाला नेतात. तिथे खातात म्हणे."

"वेडे आहेत का ते?" कुणीतरी खिदळलं.

"वेडी तू!" लुस्मिला उसळली. "माझा आतेभाऊ लिमात राहतो. माझ्याच वयाचा आहे, पण त्याचे जुने बूट मला होडीएवढे होतात!"

सायवाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "सगळं इथूनच जातं," ती हळूच म्हणाली. "आणि आमचा विल्बरपण इथेच लटकतो."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी हर्मेलिंदाने टोपली मला अडकवली. दुसरी तिच्या पायाशी होती. सायवाने शाळेच्या चुलीवर एक अंडं उकडून आणलं आणि विल्बरच्या हातात दिलं. "खा रे."

पोराने ते दोन्ही हातांत धरलं, जपून पावलं टाकली आणि आईच्या टोपलीत अलगद ठेवलं.

"वा! धंदा शिकला पोरगा!" मेलितोन हसला. बाकी कुणी हसलं नाही.

हर्मेलिंदा जागच्या जागी थिजली. "याला... खायचं असतं हेच ठाऊक नाही?"

"कसं असेल?" सायवा म्हणाली. "आपल्या घरात कुणाला खाताना बघितलंय त्यानं?"

"आणि तेल-मीठ? तुझे बूट? ते काय तुझी बाई देणार?"

"सगळी नको ठेवूस, आई. अर्धी ठेव."

"आटपा गं, ट्रक खोळंबलाय," मेलितोन करवादला.

हर्मेलिंदाने टोपली आकड्यावरून काढली. निम्मी अंडी लेकीच्या ओच्यात मोजून घातली, उरलेली परत लटकवली. मग पायरीवर बसून तिने ते उकडलेलं अंडं सोललं. पहिला घास स्वतः खाल्ला, पोराला दिसेल असा. दुसरा त्याच्या तोंडात घातला. तो त्याने थुंकला. तिने पुन्हा भरवला.

मित्रांनो, नर्स अजून यायची आहे. मी वाट बघतोय. मेलितोन आता नवा, दिवे लागणारा काटा आणणार म्हणे. आणू दे. माझ्या सुईला तेल घालायला कुणी आलं नाही तरी चालेल. तुम्ही मात्र आज जेवायला बसाल, तेव्हा घरातल्या सगळ्यांत धाकट्याच्या ताटात काय वाढलंय, ते जरा वाकून बघा.